ले मान्सची २४ तासांची रेस: पहिल्यांदा बघायला जाताय तर आधी हे वाचा

पैसे वसूल होतात का? होतात, अगदी पुरेपूर होतात, पण एकाच जागी खुर्ची धरून बसलात तर नाही होणार, हे पहिल्यांदाच सांगून टाकते. मी २०२४ च्या जूनमध्ये आण्णांना घेऊन गेले होते. आण्णा म्हणजे माझे वडील, कोल्हापूरला उद्यमनगरात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं इंजिन बोअरिंगचं काम केलं, आणि तेव्हा ते दोन महिन्यांसाठी माझ्याकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला आले होते. पॅरिस दाखवते म्हटलं तर म्हणाले, "पॅरिस राहू दे गं, ती चोवीस तासाची रेस तिकडंच कुठंतरी असतीय न्हवं?" मग ठरलंच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्समध्ये पॅरिसपासून साधारण २०० किलोमीटरवर ले मान्स गाव आहे, तिथे १९२३ पासून ही रेस होते. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे वर्षभर लोक ऑफिसला, बाजाराला जातात तो साधा रस्ता आहे, रेसच्या आठवड्यात तेवढा बंद करतात. शनिवारी दुपारी चारला सुरू, रविवारी दुपारी चारला संपणार. एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीने चालवतात. आम्ही गेलो तेव्हा ६२ गाड्या होत्या, २३ हायपरकार (सगळ्यात वेगवान), १६ एलएमपी२ (त्याखालच्या, रेससाठीच बनवलेल्या) आणि २३ एलएमजीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या, सगळ्यात हळू), आणि हे तिन्ही गट एकाच वेळी एकाच ट्रॅकवर असतात. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच. समोरून तीन गाड्या गेल्या तर पहिली खरंच पुढे आहे की ती वेगळ्याच गटातली आहे हे कळत नाही, आणि तासाभरात माणूस कंटाळतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक गटातली एक गाडी आपली म्हणून धरा, नंबर पाठ करा, आणि तेवढ्या तीनच गाड्या शोधत राहा. बाकीचं हळूहळू आपोआप उलगडतं.

आपल्याकडची नावंही या रेसशी जोडलेली आहेत. करुण चंधोक २०१२ ला इथे धावला आणि त्यांची गाडी सहावी आली. त्याआधी २००९ ला नारायण कार्तिकेयनचं नाव यादीत होतं, पण रेसच्या तोंडावर पिटची, म्हणजे गाड्या इंधन-टायरसाठी थांबतात त्या जागेची, भिंत ओलांडताना पडून त्याचा खांदा गेला आणि त्याला गाडीत बसताच आलं नाही. हे आण्णांना माहीत होतं, मला नव्हतं.

आता तिकीट. रेसच्या कित्येक महिने आधी संपतात, म्हणून विक्री सुरू व्हायच्या आधीपासूनच अधिकृत साइटवर लक्ष ठेवा. पहिल्या वेळेला माझं स्पष्ट मत, साधं जनरल तिकीट घ्या, ग्रँडस्टँड नको. स्टँडमधून पिट दिसतात, मोठा स्क्रीन दिसतो, सुरुवात आणि शेवट मस्त दिसतो हे खरं आहे, पण मधले बावीस तास तुम्ही घरी टीव्हीवर बघता त्यापेक्षा फार वेगळं बघत नाही. जनरल तिकिटावर डनलॉप पुलाच्या चढावर गवतात बसा, तिथून खाली एसेस नावाच्या नागमोडी वळणांपर्यंत चालत जा, तेर्त्र रूजच्या वळणाला जाऊन गाड्या वळण घेऊन सरळ रस्त्याला कशा लागतात ते बघा. दर दोन तासांनी जागा बदलली की दर वेळी वेगळीच रेस बघायला मिळते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी एक घडीची खुर्ची खांद्याला लटकवा, आण्णांची तीच होती.

जायचं कसं, तर पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने साधारण एक तास, आणि ले मान्स स्टेशनच्या बाहेरूनच ट्राम थेट ट्रॅकजवळ सोडते. गाडी नेऊ नका असं मी नाही म्हणणार, तंबू असेल तर गाडीच लागते, आम्हीपण नेली होती, पण रविवारी बाहेर पडताना जे होतं ते बघता पुढच्या वेळी मी ट्रेनच घेणार. शक्य असेल तर शुक्रवारीच पोचा. शुक्रवारी पिटलेन लोकांसाठी उघडी असते आणि गॅरेजच्या अगदी तोंडाशी उभं राहता येतं. आण्णा एका गॅरेजसमोर वीस मिनिटं उभे होते, आत एक मुलगा चाकाचा हब पुसत होता, फक्त पुसत होता, परत परत, कापडाची घडी बदलून. आण्णा म्हणाले, "बघ, हात बघ त्येचा, घाई न्हाई." दुपारी गावात ड्रायव्हर लोकांची मिरवणूक असते, जुन्या उघड्या गाड्यांतून. गर्दी प्रचंड, पण लहान मुलं बरोबर असतील तर चुकवू नका.

सामानात सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती विचाराल तर छोटा एफएम रेडिओ. फोन नव्हे, खरा रेडिओ, खिशात मावणारा, सेलवर चालणारा. तिथे ९१.२ वर रेडिओ ले मान्स लागतं, इंग्रजीत चोवीस तास कॉमेंट्री, आणि फोनचं नेटवर्क तीन लाखांहून जास्त माणसांत पार बसतं, त्यामुळे लाइव्ह टायमिंगच्या अ‍ॅपवर भरवसा ठेवलात तर नेमक्या वेळी गोल फिरणारं चक्र बघत बसाल. आम्ही एकाच रेडिओचे इअरफोन वाटून घेतले, एक त्यांच्या कानात एक माझ्या, आणि मी मराठीत सांगत होते. दुसऱ्या कानात फोमचा इअरप्लग. इअरप्लग सगळ्यांनी लावाच, आणि पोरांना वरून लावायचे मोठे हेडफोनसारखे संरक्षक घ्या, कारण हा आवाज थांबत नाही, चोवीस तास असतो, आणि कानाचं नुकसान दुसऱ्या दिवशी कळतं.

तरी अधूनमधून मिनिटभर इअरप्लग काढून ऐका. चारला फुटबॉलवाल्या झिनेदिन झिदानने झेंडा दाखवला आणि सगळ्या गाड्या आमच्या समोरून गेल्या तेव्हा आण्णांनी डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांनी आवाजावरून गाड्या ओळखायला सुरुवात केली. कॅडिलॅक सगळ्यात आधी, कारण तिचं इंजिन साडेपाच लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं आहे, टर्बो नाही, छातीत घुमतं ते. फेरारी आणि टोयोटा टर्बोवाल्या व्ही-६, त्यांचा आवाज दाबलेला, शिट्टी मारल्यासारखा. मला आधी सगळ्या सारख्याच वाटत होत्या, रात्रीपर्यंत मलाही कॅडिलॅक पाठमोरी असताना ओळखू यायला लागली. रेस कानाने बघायची असते हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी पहिले तीन तास स्क्रीनकडे बघण्यात घालवले नसते.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर महाग आहे आणि शाकाहारी माणसाला फ्राइज, चीजचं क्रेप आणि ब्रेड एवढंच. रियेत नावाचा पदार्थ सगळीकडे दिसेल, गावची खासियत आहे, पण तो डुकराच्या मांसाचा असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्या. आम्ही भडंग, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, शेजारच्या तंबूतल्या डॅनिश मंडळींनी निम्मं भडंग संपवलं आणि आम्हाला कॉफी पाजली.

आता ज्यासाठी जायचं ती गोष्ट. रात्र. जूनमध्ये तिथे दहा वाजेपर्यंत उजेड असतो, अंधार खरा साडेदहानंतर. तेव्हा शटल बसने आर्नाजला जा. ट्रॅकच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, लोकांना वाटतं एवढं लांब कशाला, पण माझं ऐका आणि जा. तिथे गाड्या इंडियानापोलिसच्या वळणातून येतात आणि आर्नाजच्या काटकोनात एकदम हळू होतात, सगळ्या ट्रॅकवरच्या सगळ्यात हळू वळणांपैकी एक, म्हणून तुम्हाला गाडी नीट बघता येते. दिवे आधी झाडांवर दिसतात. मग दिवे डोळ्यांवर येतात, काहीच दिसत नाही, आणि गाडी वळली की चाकाच्या आत ब्रेकची डिस्क लालभडक, निखाऱ्यासारखी, आणि ती गाडी निघून जाईपर्यंत विझत जाताना दिसते. जीटी३ गाड्यांच्या एक्झॉस्टमधून ज्वाळा निघतात, फट्‌ फट्‌ असा आवाज येतो. ब्रेकचा जळका वास येतो, त्यात ओल्या गवताचा वास. आण्णा कुंपणाला धरून उभे होते आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी भट्टीतनं काढलेलं कास्टिंग असंच दिसायचं." आम्ही तिथे जवळजवळ अडीच तास होतो. आजूबाजूला लोक पांघरूण घेऊन बसलेले, कुणी आरडाओरडा करत नव्हतं, सगळे नुसते बघत होते.

नंतर पाऊस आला आणि बराच आला. इथे माझी एक खरी तक्रार आहे. तंबू भाड्याने देणाऱ्या एका कंपनीकडून आम्ही तयार उभा केलेला तंबू घेतला होता, वॉटरप्रूफ आहे असं लिहून दिलं होतं, आणि रात्री परत येऊन बघतो तर शिवणीतून पाणी टपकून आण्णांची स्लीपिंग बॅग भिजलेली. फोन उचलला नाही, दुसऱ्या दिवशी माणूस आला तो खांदे उडवून गेला. ६६ वर्षांच्या माणसाला मी त्या थंडीत गाडीच्या सीटवर झोपवलं, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तंबू स्वतःचा न्या, आणि घरी अंगणात पाइपने पाणी मारून तपासून न्या. गमबूट हवेत, स्पोर्ट शूज चिखलात संपतात. रेनकोट गुडघ्याखाली येणारा. जूनचा महिना म्हणून पातळ कपडे नेऊ नका, पहाटे दात वाजतात. आण्णा म्हणाले आमच्या वेळी रोपलावणीला इरलं असायचं, तसलं काहीतरी पायजे होतं.

त्या पावसामुळे सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्यामागे रांगेत हळू चालवणारी गाडी, आली आणि ती चार तासांहून जास्त वेळ ट्रॅकवर राहिली, सकाळी आठच्या सुमाराला रेस परत सुटली. खूप लोकांना याचा राग आला, आम्ही एवढे पैसे देऊन रांग बघायला आलो का म्हणून. मला ते पटत नाही. १९५५ ला इथे एक गाडी उडून लोकांत घुसली होती, ८० हून जास्त माणसं गेली, प्रेक्षक होते ते, तुमच्याआमच्यासारखे. सरळ रस्त्यावर ३३० च्या पुढे जाणाऱ्या गाडीच्या काचेवर नुसतं पाणी दिसत असेल तर थांबवलंच पाहिजे. तुम्ही एवढंच करा, सेफ्टी कार लांबली की झोपून घ्या. चोवीस तास जागायचा हट्ट धरू नका, रविवारी सकाळ ते दुपार डोकं जागेवर असायला हवं. रात्री आमची मात्र एक गाडी गेली, ४६ नंबरची बीएमडब्ल्यू, मोटरसायकल रेसिंगच्या जगज्जेत्या व्हॅलेंटिनो रॉसीची, त्याचा जोडीदार चालवत असताना पावसात ठोकली गेली. रॉसीच्या पिवळ्या टोप्या घातलेली कितीतरी माणसं सकाळी गप्प बसलेली दिसली.

आणि शेवटचे दोन तास. नाही गेलात तर पश्चात्ताप होईल असे होते. ५० नंबरची फेरारी पुढे होती आणि तिचं दार उघडं राहिलं, चालत्या गाडीचं, मग दार बंद करायला पिटमध्ये यावं लागलं, आणि त्यामुळे इंधनाचं सगळं गणित बिघडलं. तिचा ड्रायव्हर निकलास नील्सनने ओल्या ट्रॅकवर इंधन वाचवत वाचवत आणली. रेडिओवर ऐकत होतो, मी सांगायचे थांबले की आण्णा कोपराने ढोसायचे, "काय म्हणालाय? पुरतंय का?" पुरलं. ३११ फेऱ्यांनंतर टोयोटाच्या फक्त १४ सेकंद पुढे. चोवीस तासांत १४ सेकंद!

संपल्यावर लगेच निघू नका. फाटकं उघडतात आणि लोकांना ट्रॅकवर जाता येतं, पोडियमखाली उभं राहता येतं. आम्ही मात्र पोडियमकडे गेलोच नाही. आण्णा ट्रॅकच्या कडेला वाकून टायरचे सुटलेले रबराचे गोळे बघत होते, काळे, चिकट, बोरापासून लिंबाएवढे. एक उचलून नखाने दाबला, नख आत गेलं, वास घेतला, मला दिला. अजून मऊ होता. त्यांनी तो भडंगाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला.

परतीचं तिकीट सोमवारचं काढा. रविवारी संध्याकाळी स्टेशनवर उभं राहायला जागा नसते आणि पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला आम्हाला पावणेतीन तास लागले, आण्णा तेवढा वेळ छान झोपले.