भितरकनिकाच्या नावावर गंडा

रंकाळ्यावर सकाळी दुर्बिणी घेऊन फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावसाळा सरता सरता एक पोस्टर आलं. ‘जानेवारीत भितरकनिका! डांगमाळला वनविभागाच्या कॉटेजमध्ये मुक्काम, बगागहनला करकोच्यांची घरटी-पिल्लं, गहिरमाथ्याला हजारो कासवं.’ माणशी 18,000, निम्मे आगाऊ, रेल्वेचं तिकीट ज्याचं त्यानं.

खोटेपणा त्या पोस्टरवरच छापलेला होता. ओडिशात ब्राह्मणी-बैतरणीच्या मुखाशी असलेली ही खारफुटी 2002 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण तिथलं वेळापत्रक पर्यटकांच्या सुट्ट्या बघून चालत नाही. बगागहनला मुग्धबलाक, म्हणजे पोस्टरवरचे करकोचे, आणि बगळे घरटी करतात ती पावसाळ्यात. जानेवारीत तिथं पिल्लं कुठली? तेव्हा बघायची ती हिवाळी बदकं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची सामूहिक अंडी घालणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि गहिरमाथा 1997 पासून सागरी अभयारण्य असल्यानं तिथं वाटेल तेव्हा जाताही येत नाही. या दोन्ही गोष्टी जानेवारीत दाखवतो म्हणणारा एक तर तिकडं कधी फिरकलेला नसतो, नाही तर गिऱ्हाईकाला खुळं समजतो.

फोनवर मात्र माणूस लई गोड. “काका, निवांत राहा, परमिट माझ्या हातात हाय.” ऑफिस शाहूपुरीत म्हणाला. तो पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला, आणि दुकानदाराला त्याचं नावही माहीत नव्हतं. हे कळलं परत आल्यावर. पैसे गेले ते यूपीआयनं, कंपनीच्या नव्हे, एका बाईच्या नावाच्या खात्यात. उरलेले निघायच्या आदल्या दिवशी.

पुण्याहून कोणार्क एक्स्प्रेसनं भुवनेश्वर गाठलं. साहेब स्वतः आले नाहीत, पण गाडी आली. ड्रायव्हर बिचारा वाटेत आम्हालाच विचारत होता, भाडं कोण देणार? भितरकनिका राष्ट्रीय उद्यानाच्या गुप्ती गेटवर वनरक्षकानं सांगितलं, मगरींची गणना चालू आहे, उद्यान बंद. ही गणना दर जानेवारीत होते आणि तेवढे दिवस पर्यटकांना आत सोडत नाहीत. मे ते जुलैही बंदच, कारण तो मगरींच्या विणीचा काळ. आम्ही परमिटची पीडीएफ पुढं केली. ओडिशा सरकारचं बोधचिन्ह, खाली क्यूआर कोड, सगळं झकपक. त्यानं आपल्या मोबाईलवर कोड स्कॅन केला आणि हसू दाबत स्क्रीन आमच्यापुढं धरला. पैसे भरायचं पान उघडलं होतं, त्याच बाईच्या नावाचं! कॉटेजमध्ये आमच्या नावाचं बुकिंग नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

चांदबालीला स्वखर्चानं राहिलो. खाडीकाठच्या चिखलात निवट्या मासे आणि तपकिरी पंखांचा एक खंड्या दिसला, तेवढंच पदरात.

खरी मेख पुढं आहे. त्यानं फोन बंद केला नाही. “रिफंड प्रोसेसला टाकलाय, बँकेला सुट्टी हाय,” असं म्हणत रोज झुलवत ठेवलं. तोवर खातं रिकामं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार लगेच केली तर पैसे गेलेल्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आमच्या वेळी गोठवायला काही उरलंच नव्हतं. म्हणून ‘रिफंड येतोय’ ऐकत बसू नका, आधी 1930 फिरवा. ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा असतोच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. आम्ही कोल्हापुरातच लावलाय.

जाणारच असाल तर मुक्काम ओडिशा वनविभागाच्या इको-टुरिझम संकेतस्थळावरून स्वतः बुक करा आणि तारखा राजनगरच्या वनविभाग कार्यालयात फोन करून विचारा. मधला माणूस हवाच असेल तर त्याला एकच विचारा, जानेवारीत गणनेसाठी उद्यान कधी बंद असतं?

तेच फोटो लावून आता सुंदरबनचं पोस्टर फिरतंय, नाव बदललंय. कुणाच्या ग्रुपवर आलं तर नंबरासकट स्क्रीनशॉट पाठवा, दाव्याला जोडायचाय.