नँड्रोलोन: सात इंजेक्शनं, सात महिने आणि उरलेल्या दोन कुप्या

काल मेडिकलवाल्याशी भांडण झालं म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर राहूनच गेलं असतं. नँड्रोलोन म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखं, मांस वाढवणारं स्टेरॉइड इंजेक्शन. त्याच्या दोन कुप्या परत करायला नेल्या, सीलबंद, बिलासकट, एक्स्पायरीला अजून सव्वा वर्ष. "इंजेक्शन वापस होत नाही भाऊ." ठीक आहे, नाही तर नाही. पण त्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "हे एआरटीवाल्यांचं होय काय?" एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं, आणि दुसऱ्याचा एचआयव्ही त्याच्या संमतीशिवाय असा उघड करायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे, हे त्याला सांगितलं तर तो हसला. आणि माझ्या शेजारी उभा असलेला पोरगा, ज्याचे दंड माझ्या मांडीएवढे, तेच इंजेक्शन बिनाचिठ्ठीचं घेऊन गेला. मला मात्र नोव्हेंबरपासून दर वेळी चिठ्ठी मागितली. मागायलाच पाहिजे, पण मग सगळ्यांना मागा ना बे!

तर अनुभव. माझी एचआयव्हीची फाइल जुनी, 2009 ची. स्टॅव्हुडीन या जुन्या एआरटी गोळीच्या काळातला माणूस, गाल तेव्हाच गेले. मागच्या पावसाळ्यात हगवण लागली ती महिनाभर हटेना, 61 किलोचा 51 झालो. न ठरवता दहा टक्क्यांवर वजन उतरलं की डॉक्टर वेस्टिंगचा, म्हणजे आजारात अंग झडण्याचा, विचार करतात, माझं तर सोळा टक्के गेलं होतं. तरी इंजेक्शन लगेच मिळालं नाही. आधी टीबी नाही ना, हगवण कशाची, थायरॉइड, साखर, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती), सगळं तपासलं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनसाठी सकाळी आठला रक्त दिलं, कारण ते सकाळीच जास्त असतं. थोडं कमी निघालं. वय 46, म्हणून प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी पण करायला लावली. याच धावपळीत एआरटीची जुनी गोळी बदलून टीएलडी ही नवी गोळी सुरू झाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एआरटीच्या गोळ्या 2004 पासून सरकारकडून फुकट मिळतात. हे इंजेक्शन मात्र खिशातून. सोळा आठवडे, दर पंधरा दिवसांनी एक, एका वेळी दोन कुप्या. किती मिलिग्रॅम ते मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर वाचून कोणी स्वतःच सुरू करायचं.

आता मुख्य तक्रार: तेल. हे औषध तेलात असतं, आणि माझ्या कुपीतलं तेल फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं. सिस्टरने पहिल्या दिवशी विचारलं, "फल्लीदाणे खाऊन कधी अंगावर पित्त उठलं काय?" मला वाटलं गंमत करते. गंमत नव्हती, फल्लीची ॲलर्जी असेल तर हे घ्यायचं नाही. आपण तर्री पोह्यावर वाढलेले, आपल्याला काय होतंय! पण डिसेंबरच्या नागपुरात हे तेल काकवीसारखं होतं. जाड सुईने ओढायचं, मग सुई बदलून कुल्ल्यात खोल टोचायचं, आणि हळूहळू. घाई केली की दोन दिवस एका बाजूला बसायचं. एका कंपाउंडरने अशीच घाई केली, त्याला पन्नास रुपये देऊन मी तीन दिवस लंगडलो. त्यानंतर कुपी काखेत धरून घरून निघायला लागलो. पोचेपर्यंत तेल पातळ. हा एवढा एक सल्ला घ्या, बाकी विसरा.

टोचून झाल्यावरही कुपीच्या काचेला तेल चिकटून राहतं. थेंब, दीड थेंब. सिस्टरसमोर कुपी उजेडात धरून मी म्हणायचो, हे पैसे कोणाचे? वहीत हिशोब मांडला होता, दर कुपीमागे किती वाया. तीन इंजेक्शनं या रागातच गेली. मग सिस्टरनेच सांगितलं की तेल चिकटतं हे कंपनीला माहीत असतं, म्हणून लेबलवर लिहिलंय त्याहून थोडं जास्तच भरतात. वहीतलं ते पान फाडलं. राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

फायदा झाला काय? झाला. चौथ्या इंजेक्शनपर्यंत भूक परत आली, सीताबर्डीच्या पुलाचा जिना न थांबता चढलो. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, नुसतं टोचून घेतलं तर पैसे पाण्यात. अंडी, चणे, सोयाबीन आणि रोज थोडं वजन उचलणं हवंच. मी तेलाच्या रिकाम्या डब्यांत रेती भरून उचलायचो. वजन 57 वर गेलं. पाच स्टार देणार होतो.

मग पाठीवर पुरळ, कॉलेजातल्या पोरासारखं. घोरणं इतकं वाढलं की ही म्हणाली, "अहो, तुम्ही हॉलमध्ये झोपा, नाहीतर मी जाते." इच्छाही कमी झाली. बाहेरून औषध आलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायचं कमी करतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच कानाआड केलं. सातव्यानंतर रिपोर्टात पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 54. रक्त घट्ट होत चाललंय, गाठी व्हायचा धोका. चांगलं कोलेस्टेरॉलही घसरलेलं. आठवं रद्द. म्हणून त्या दोन कुप्या उरल्या.

आता टीएलडीचं. त्यातल्या डोलुटेग्राविरने बऱ्याच लोकांचं वजन वाढतं, हे मला फेब्रुवारीत कळलं. म्हणजे माझे सहा किलो कोणाचे, इंजेक्शनचे की फुकटच्या गोळीचे? डॉक्टर म्हणतात दोन्हीचे, आणि हगवण थांबली तिचेही. बंद करून अडीच महिने झाले, वजन 56. एक किलो गेलं ते पाणी असावं. एवढं कमी उतरलं म्हणजे गोळीचा वाटा मोठा, असं माझं मत. पैसे मात्र सगळे इंजेक्शनने खाल्ले.

आणि गाल. गालासाठी कोणी हे घेणार असेल तर घेऊ नका. स्टॅव्हुडीनने जाते ती चरबी, हे औषध वाढवतं मांस. माझे दंड भरले, चेहरा तसाच. मोहल्ल्यातले लोक माणूस गालावरूनच ओळखतात.

साडेतीन स्टार. अर्धा सिस्टरचा.

वरच्या मजल्यावरचा पोरगा जिमला जातो. त्याला कुठून कळलं कोण जाणे, काल रात्री आला. "काका, पडूनच आहे ना, मला द्या, अर्धे पैसे देतो." अर्धे पैसे म्हटल्यावर एक क्षण मी खरंच विचार केला. मग त्याला पीसीव्हीचा रिपोर्ट दाखवला. त्याला काही समजलं नाही, पण गेला. मेडिकलवाल्याचंही एक खरं असावं: खोक्यावर 30 डिग्रीच्या खाली ठेवा असं छापलंय, आणि माझ्या कपाटात या मे महिन्यात किती असेल ते नागपूरकरांना सांगायला नको. आज कुपी आडवी करून पाहिली. तेल पाण्यासारखं धावत होतं.