बेळगावच्या कोर्टाजवळ मुलांचं परदेशी संमतीपत्र: शिक्का पक्का, मजकूर कच्चा

चन्नम्मा सर्कलजवळ कोर्ट आणि डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कचेरीच्या) भोवती टायपिंग, झेरॉक्स, ई-स्टॅम्प, नोटरी असं सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. भाडेकरार आणि नावातल्या फरकाचं अ‍ॅफिडेव्हिट ही तिथली रोजची कामं. आई एकटीच पोरांना घेऊन दुबईला निघाली, आजी-आजोबा नातवाला लंडनला नेणार, शाळेची सहल सिंगापूरला जाणार, अशा वेळी लागणारं पालकांचं संमतीपत्रही लोक तिथंच करून घेतात. "मुलांची एनओसी" एवढं म्हटलं की टायपिस्टला काम कळतं. गर्दी नसेल तर तासाभरात कागद हातात पडतो, शिक्के खणखणीत असतात आणि खर्चही फार होत नाही. तरी या सेवेला पाचपैकी तीनच गुण. शिक्क्याचं काम उत्तम होतं, मजकुराचं अर्धंच होतं. सेवा घ्यावी, मसुदा मात्र घरून न्यावा.

टायपिस्टच्या कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी एनओसीची एक जुनी फाइल असते. त्यात नाव बदलायचं आणि प्रिंट काढायची. माझी पत्नी व मुलगा परदेशी जात असून माझी हरकत नाही, एवढाच तिचा मथितार्थ. कुठल्या देशात, कोणत्या तारखांना, कुणाकडे उतरणार, पासपोर्ट नंबर काय, यातलं काहीच नसतं. इमिग्रेशनच्या किंवा व्हिसाच्या खिडकीवरच्या माणसाला नेमकं हेच तपासायचं असतं. न आलेल्या पालकाला हा प्रवास खरंच माहीत आहे का आणि शंका आली तर त्याला आत्ता फोन लावता येईल का, हे त्याला बघायचं असतं. म्हणून संमती देणाऱ्याचा देशाच्या कोडसकट मोबाइल नंबर आणि ईमेल ही त्या कागदातली सर्वांत कामाची ओळ, आणि तयार फाइलमध्ये नेमकी तीच गायब असते.

मसुद्यात पुढच्या गोष्टी हव्यात. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर. सोबत जाणाऱ्याचं नाव, नातं, पासपोर्ट नंबर. संमती देणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर. देश, आणि विमान दुसरीकडे बदलायचं असेल तर त्या देशाचाही उल्लेख. जाण्याची-येण्याची तारीख, दोन्हीकडे आठवडाभर सैल धरून; नेमकी तारीख घातली आणि तिकीट पुढं ढकललं तर कागद बाद. तिथला पत्ता आणि यजमानाचा फोन. खर्च कोण करणार. आजी-आजोबा किंवा शिक्षक नेत असतील तर तातडीच्या उपचारांना संमती देण्याचा अधिकार त्यांना दिल्याचं एक वाक्य. एका पानात बसतं. भाषा इंग्रजीच ठेवा. इथल्या दुकानांत कन्नड आणि इंग्रजी टायपिंग सफाईनं होतं, पण कन्नड किंवा मराठी कागद परदेशात दाखवायचा तर सोबत भाषांतर जोडावं लागतं.

खरी ठेच लागते ती नावांत. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. त्याआधीच्या पासपोर्टवर जन्मस्थळ जुन्या स्पेलिंगनं, नव्या जन्मदाखल्यावर नव्या, असा घोळ इथं घरोघरी आहे. टायपिस्ट सवयीनं नवं स्पेलिंग मारतो. संमतीपत्रात पासपोर्टवर जे आहे तेच अक्षर न् अक्षर यायला हवं. दुसरं त्याहून नाजूक: आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. जन्मदाखल्यावर आईचं एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आधारवर नवऱ्याच्या नावासकट तिसरं. शिवाय कन्नड पद्धतीनं बनलेल्या कागदावर आडनावाच्या जागी नुसतं इनिशियल. या सगळ्या नावांची व्यक्ती एकच आहे असं वेगळं अ‍ॅफिडेव्हिट करून विवाह नोंदणीच्या दाखल्यासह सोबत ठेवावं. हे काम मात्र कोर्टाजवळची दुकानं डोळे मिटून बरोबर करतात, कारण जमिनीच्या व्यवहारांसाठी त्यांना ते रोज करावं लागतं.

आता बाँड, म्हणजे स्टॅम्प पेपर. कर्नाटकात यासाठी ई-स्टॅम्प लागतो. कोर्टाजवळ मिळतो, तसाच गावातल्या बऱ्याच सौहार्द (सहकारी) सोसायट्यांच्या काउंटरवरही मिळतो. अ‍ॅफिडेव्हिटची स्टॅम्प ड्यूटी पूर्वी २० रुपये होती, २०२४ पासून १०० झाली. अजून कुणी वीसच्या बाँडवर उरकून देतो म्हणाला तर पुढचं दुकान बघा. ई-स्टॅम्पवर पहिला पक्ष म्हणून संमती देणाऱ्याचं नाव छापून येतं. एकदा प्रिंट निघाली की दुरुस्ती नाही, नवा स्टॅम्प काढावा लागतो. म्हणून काउंटरवर नाव तोंडी सांगू नका, पासपोर्टची झेरॉक्स पुढं करा. स्टॅम्पचा वरचा अर्धा भाग छापील तपशिलानं भरलेला असतो, मजकूर खालून सुरू होऊन साध्या कागदावर जातो. इथं टायपिस्ट एक हमखास चूक करतात: दोन पानं स्टेपल करून सही-शिक्का फक्त शेवटच्या पानावर घेतात. पहिलं पान कुणीही बदलू शकतो, हे पलीकडच्या अधिकाऱ्याला दिसतं. प्रत्येक पानावर सही आणि प्रत्येक पानावर नोटरीचा शिक्का मागून घ्या.

नोटरीकडे तीन गोष्टी बघाव्यात. शिक्क्यावर नाव, नोंदणी क्रमांक आणि कार्यक्षेत्र वाचता येतं का. परवान्याची मुदत संपलेली नाही ना, कारण तो पाच वर्षांचा असतो आणि नूतनीकरण करावं लागतं. आणि रजिस्टरमध्ये नोंद करून तिचा क्रमांक कागदावर घातला का. रजिस्टरमध्ये सही करायला सांगितलं नाही तर आपण होऊन विचारा. "साहेबांची सही नंतर घेतो, आधार ठेवून जावा" हा प्रकारही चालतो. सही करणारा समोर नसताना नोटरीनं शिक्का मारणं नियमाविरुद्ध आहे, आणि पुढं नवरा-बायकोत वाद झाला तर असा कागद पहिल्या तारखेला कोसळतो. अस्सल प्रती दोन करा: एक व्हिसाच्या फाइलला जाते, दुसरी प्रवासात हातात राहते.

मुळात संमती देणारा बहुतेक वेळा बेळगावात नसतोच, आणि दुकानांची मदत इथं संपते. वडील पुण्या-कोल्हापुरात नोकरीला असतील तर त्यांनी तिथल्याच नोटरीपुढं सही करावी, इथून टाइप केलेला मजकूर ईमेलनं पाठवावा. पण इथला कर्नाटकचा ई-स्टॅम्प तिकडं नेऊ नये. ज्या राज्यात सही होते त्या राज्याची ड्यूटी लागते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा आला आहे. निपाणीचे लोक कामाला कागलवरून कोल्हापूर गाठतात, त्यांनी हा फरक धरून चालावं. फौजेतल्या जवानानं पोस्टिंगच्या गावातल्या नोटरीकडून करून घ्यावं, त्यासाठी रजा टाकून यायची गरज नाही. वडील आखातात असतील तर तिथल्या भारतीय दूतावासात किंवा कॉन्सुलेटमध्ये सही साक्षांकित करून घेतलेलं पत्र सर्वांत वजनदार. आजी-आजोबा नेत असतील तर दोघांचीही संमती लागते. आई इथं आणि बाप तिकडं असेल तर दोन वेगळी पत्रं करा, एकच कागद कुरिअरनं फिरवत बसू नका. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर मुलाच्या ताब्याबद्दलच्या कोर्टाच्या हुकुमाची सर्टिफाइड कॉपी. कोर्टानं मूल देशाबाहेर न्यायला मनाई केली असेल तर कितीही शिक्के मारलेलं पत्र उपयोगाचं नाही.

कुठल्या देशाला काय लागतं, हे टायपिस्टला विचारू नये. त्याचं ते काम नव्हे. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाला) मूल एकाच पालकासोबत किंवा तिसऱ्याच कुणासोबत जात असेल तर न येणाऱ्याची नोटरी केलेली एनओसी आणि जन्मदाखला फाइललाच लागतो. ब्रिटनच्या व्हिसावर मुलासोबतच्या मोठ्या माणसाचा तपशील नोंदवला जातो. ऐनवेळी आजीऐवजी मावशी निघाली तर मुलाला प्रवेश नाकारला जाऊ शकतो, आणि तिथं नवी एनओसीही कामाला येत नाही. अमेरिका आणि कॅनडात हे पत्र कायद्यानं सक्तीचं नाही, तरी दोन्ही देश ते सोबत ठेवायला सांगतात.

नेपाळचं वेगळं. खानापूर-चिकोडीकडून पशुपतिनाथाला जाणाऱ्या गटांत नातवंडं हमखास असतात आणि त्यांच्यासाठी लोक उगाच बाँड करून घेतात. विमानानं जाताना १५ वर्षांखालच्या मुलाला पासपोर्ट लागत नाही, आधार कार्ड चालतं. १५ ते १८ वयाच्या मुलाला शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. सगळं कुटुंब एकत्र असेल तर एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आणि बाकीच्यांकडे फोटो व नातं दाखवणारा पुरावा पुरतो. रेशनकार्डही त्यात बसतं, पण आपलं रेशनकार्ड कन्नडमध्ये, आणि दिल्लीच्या विमानतळावर ते कुणी वाचावं! आधार बरं.

पैसे वाया जातात ते मुलाच्या पासपोर्टवर. अर्जासोबत आई-वडिलांचं घोषणापत्र, म्हणजे अ‍ॅनेक्शर डी, लागतं. डिसेंबर २०१६ पासून ते साध्या कागदावर स्वतःच्या सहीनं चालतं. ना स्टॅम्प, ना नोटरी. तरीही बाँडवर टाइप करून नोटरीसकट हातात देणारी दुकानं आहेत. दुकानदाराला सांगितलं तर "असलेलं बरं" असं उत्तर येतं. बरं कसलं, दीडशे-दोनशे रुपये गेले ते गेले. एका पालकाची संमती मिळत नसेल तर अ‍ॅनेक्शर सी, तेही साध्या कागदावर. अपवाद एकच: एक पालक परदेशात असेल तर त्याचं दूतावासात साक्षांकित केलेलं अ‍ॅफिडेव्हिट जोडावं लागतं. बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाताना दोघांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स आणि मुलाचा जन्मदाखला न्यावा. मूल १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलं असेल तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, शाळेचा कागद नाही.

ट्रॅव्हल एजंटांचं पॅकेज घ्यावं का? बहुतेक वेळा नको. एजंट त्याच टायपिस्टकडून तीच फाइल काढतो आणि वर "अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारनं केलेलं साक्षांकन) लागेल" असं सुचवतो. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी ५० रुपये आहे. बाकीचा आकडा बंगळूरुच्या चकरा, आधीची राज्याची साक्षांकनं आणि कमिशनचा. शिवाय अपोस्टिल चालते ती हेग कराराच्या देशांत. संयुक्त अरब अमिराती त्यात नाही, तिथं दूतावासाचं साक्षांकन ही निराळी वाट. साध्या सुट्टीच्या प्रवासाला यातलं काही बहुधा लागत नाही. दूतावासाच्या लेखी यादीत हा शब्द दिसला तरच पैसे काढावेत.

वेळेचं म्हणाल तर सकाळी अकराच्या आसपास गेलेलं बरं. दुपारी जेवणाची सुट्टी, संध्याकाळकडे नोटरींची पांगापांग, आणि ई-स्टॅम्पचा सर्व्हर बसला तर दिवसच गेला. शाळांना सुट्टी लागते त्याच सुमारास कोर्टालाही उन्हाळी सुट्टी असते, मग आवारात बसणारे नोटरी कमी होतात. मे महिन्याचं तिकीट असेल तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. मसुदा पेन ड्राइव्हवर आणि मोबाइलवर दोन्हीकडे ठेवा. काही दुकानांत व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतात, काहींत नेटच नसतं. प्रिंट काढण्याआधी स्क्रीनवर पासपोर्ट नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचून घ्या. तिथं घाई करू देऊ नका, मागं रांग असली तरी.