बेब रूथचं जन्मघर, बाल्टिमोर: बेसबॉल कळत नसला तरी जाऊन या

बाल्टिमोरला मॅच बघायला जाणार असाल तर थोडं लवकर निघा आणि एमरी स्ट्रीटवरचं हे छोटंसं म्युझियम आधी बघून घ्या, कॅम्डेन यार्ड्स स्टेडियमपासून चालत अगदी जवळ आहे आणि पत्ता विचारत बसायला नको कारण फुटपाथवर बेसबॉल रंगवलेत, त्यांच्या मागे मागे जायचं बस. जुनी विटांची रो-हाऊसेस, जिना आपल्या वाड्यातल्यासारखा अरुंद.

बेब रूथ म्हणजे अमेरिकन बेसबॉलचा दंतकथा झालेला प्लेअर. ६ फेब्रुवारी १८९५ ला तो इथे आजोबांच्या घरी जन्मला. न्यूयॉर्कच्या यांकीज टीमकडून खेळला, करिअरमध्ये ७१४ होम रन (क्रिकेटमधल्या सिक्सरसारखा फटका), १९२७ च्या एकाच सीझनमध्ये ६०, हे सगळं आहेच पण ते कुठेही वाचायला मिळतं. मला भारी वाटला तो त्याच्या आधीचा भाग. बापाचा बार, पोरगं हाताबाहेर गेलेलं, म्हणून सातव्या वर्षीच सेंट मेरीज नावाच्या शाळेत टाकलं (शाळा कसली, अर्धं सुधारगृहच), तिथे शर्ट शिवायला शिकला आणि ब्रदर मथायस नावाच्या धिप्पाड माणसाने त्याला बेसबॉलमध्ये तयार केला. तिथलं त्याचं प्रार्थनागीतांचं पुस्तक इथे आहे, त्यात पठ्ठ्याने स्वतःच लिहून ठेवलंय की मी जगातला सगळ्यात वाईट गायक आणि सगळ्यात भारी पिचर (म्हणजे बेसबॉलमधला बॉलर)!

आणि पिचर होताच तो. १९१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अमेरिकन बेसबॉलची वर्षाची फायनल) एका मॅचला १४ च्या १४ इनिंग्ज एकट्याने टाकल्या (एरवी मॅच ९ इनिंग्जची), पण तोवर तो बोस्टनच्या टीमचा झाला होता. १९१४ मध्ये गावच्या ओरिओल्स टीमने घेतलेला (तेव्हाची मायनर लीगवाली, म्हणजे खालच्या दर्जाची टीम, आत्ताची नाही बरं का), पण समोरच फेडरल लीग नावाच्या दुसऱ्या लीगची नवी टीम आली, पब्लिक सगळं तिकडे, मालक जॅक डनचे पैसे बुडायला लागले आणि जुलैमध्ये पोरगा बोस्टनला विकला. म्हणजे एवढा मोठा प्लेअर आणि घरच्या टीमकडून जेमतेम अर्धा सीझन!

नंतर स्टेडियममध्ये गेलात की सेंटर फील्डकडे (मैदानाचा मागचा मधला भाग) बघा, बेबच्या बापाचा एक बार तिथेच होता. गेटजवळ बेबचा पुतळा आहे त्याचा ग्लव्ह पण बघा, माणूस डावखुरा आणि ग्लव्ह दिलाय उजव्या हाताने बॉल टाकणाऱ्याचा 😄

तासाभरात आरामात होतं. वेळ वेबसाइटवर बघून जा. माझ्याकडून ५ पैकी ४.