मातीच्या बोळक्यांचं घरगुती कारंजं: तिन्ही ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

गिफ्टच्या दुकानात मिळणारं फायबरचं तयार कारंजं न घेता कुंभाराकडची बोळकी, चिनी मातीची कुंडी आणि मत्स्यालयाच्या दुकानातला छोटा पंप यांतून जुळवलेल्या कारंज्याबद्दल हे लिहिलंय. हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा ते रोज चाललंय. मत आधीच सांगून टाकतो: आवाज पंपावर ठरत नाही. पाणी कुठून सुटतं, किती उंचीवरून आणि कशावर पडतं, यावर ठरतो. लोक पैसे मात्र पंपावर घालवतात आणि मग घरात मोटारीची घरघर ऐकत बसतात.

सामान असं. 16 इंच व्यासाची, तळाला भोक नसलेली पसरट कुंडी. त्यात 12 सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरलं की साधारण 12 लिटर मावतं. पंप झाकायला 6 इंचांची साधी मातीची कुंडी, उपडी. तिला तळाला भोक असतंच, नळी त्यातूनच वर येते. तिच्या काठाला कानशीने दोन खाचा पाडायच्या, एक पाणी आत जायला आणि एक वायर बाहेर यायला. त्यावर मोठं बोळकं, शेजारी दोन विटांवर लहान बोळकं. मोठ्यातून लहानात आणि लहानातून खालच्या कुंडीत, असं पाणी दोनदा पडतं. तांब्याचं घंगाळ दिसायला देखणं, पण त्यात मासे सोडायचे असतील तर नको. पाण्यात उतरणारं तांबं गप्पी माशांना आणि गोगलगायींना मारतं.

पंप घेताना खोक्यावरची उंची नीट वाचा. ‘हेड 60 सेंमी’ याचा अर्थ 60 सेंटिमीटरवर पाणी पोचून तिथेच थांबतं, वाहत नाही. म्हणून जितकं चढवायचंय त्याच्या दुप्पट हेडचा पंप लागतो. इथे चढ 30 सेंटिमीटर आहे, त्यासाठी 5 वॉटचा, ताशी 300 लिटरचा पंप पुरतो. कूलरचा 18 वॉटचा पंप सगळीकडे मिळतो, पण तो या कामाला फार मोठा. त्याचा प्रवाह कमी करायचा खटका पूर्ण दाबला तरी पाणी काठावरून उसळतं. प्रवाह मोजायची सोपी रीत म्हणजे धारेखाली एक लिटरची बाटली धरायची. 40 ते 60 सेकंदांत भरली तर बरोबर. 25 सेकंदांत भरली तर झुळझुळ ऐकू येणार नाही, नळ उघडा राहिल्यासारखं वाटेल. रोज सहा तास चालवूनही महिन्याला एक युनिटसुद्धा जळत नाही.

बोळक्याला भोक पाडणं हेच यातलं खरं हातकाम. बोळकं रात्रभर पाण्यात भिजू द्या. कोरड्या भाजलेल्या मातीला ड्रिल लावलं की बीट तापतं आणि आतल्या बाजूने मोठी कपची उडते. सकाळी त्यात ओली वाळू ठासून भरा, म्हणजे बीट पलीकडे निघताना मातीला पाठीमागून आधार राहतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, वेग कमी. भाल्याच्या टोकासारखं, काचेला भोक पाडायचं बीट वापरून आधी 4 मिलिमीटर, मग 12 मिलिमीटर. शेवटच्या दोन मिलिमीटरला हाताचा भार काढून घ्यायचा. फुटणारी बोळकी बहुतेक तिथेच फुटतात, म्हणून एक-दोन जास्तीची आणून ठेवा, स्वस्त असतात. मग बोळकं दोन दिवस उन्हात वाळवायचं आणि नळीभोवती सिलिकॉन भरून 24 तास हात लावायचा नाही. ओल्या मातीला सिलिकॉन धरत नाही. वरून चिकटलेलं दिसतं, पण आठवड्याभरात सालासारखं सुटतं आणि पाणी तळातून मुकाट झिरपत राहतं. वरची धार अचानक बारीक झाली तर पंपाला दोष देण्याआधी हा सांधा बघा.

आता काठ. कुंभाराच्या बोळक्याचा ओठ गोल असतो, त्यामुळे पाणी सुटून पडत नाही. किटलीतून चहा हळू ओतताना तो तोटीखालून ओघळतो ना, अगदी तसंच ते ओठाखाली वळतं, पोटावरून खाली जातं आणि आवाजच होत नाही. उपाय म्हणजे पातळ पत्र्याची छोटी पन्हळ, मासे नसतील तर तांब्याची. 2 सेंटिमीटर रुंद, 6 सेंटिमीटर लांब पट्टी कात्रीने कापायची, मधोमध पेन्सिलीवर दाबून खोलगट करायची, काठाला कानशीने छोटी खाच पाडून त्यात सिलिकॉनने बसवायची. पुढचं टोक 3 सेंटिमीटर बाहेर आणि किंचित खाली झुकलेलं हवं. टोकाची कड धारदार राहू द्या, घासून गोल करू नका, पाणी त्या कडेवरच तुटतं. लहान मुलांचा हात लागणार असेल तर मात्र टोकाचे दोन कोपरे गोल करा, मधली कड तशीच.

एवढं झालं की आवाज लावायला बसायचं. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त आनंदही इथेच आहे. पाणी पाण्यावर पडतं तेव्हा आवाज आपटण्याचा नसतो, पाण्याखाली अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो. बुडबुडा थरथरतो आणि वाजतो. 3 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण 1,000 हर्ट्झला वाजतो, दुप्पट मोठा झाला की सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. म्हणून 4-5 सेंटिमीटरवरून पडणारी बारीक धार टिणटिण करते, 10-12 सेंटिमीटरवरून पडणारी जाड धार गुडगुडते, आणि 15 सेंटिमीटरच्या पुढे आवाज वाढण्याऐवजी फरशीच भिजते. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत उंचावरून हौदात कोसळणाऱ्या पाण्याचा घोष ज्यांच्या कानात बसलाय, त्यांनी 5 वॉटकडून ती अपेक्षा ठेवू नये.

धारेखाली किमान 5 सेंटिमीटर पाणी हवं, नाहीतर बुडबुडे तयार व्हायला जागाच नसते. तिथे पाण्याच्या पातळीला लागून सपाट दगड ठेवला की गुडगुड जाऊन नुसती सळसळ उरते. कुणाला तेच आवडतं. लहान बोळक्याचा उपयोग इथे होतो, कारण त्याची रिकामी पोकळी आवाज मोठा करते. कळशी भरताना सूर चढत जातो तो आतली हवा कमी होत जाते म्हणून. म्हणजे बोळक्यात पाणी जिथे थांबवाल तिथे सूर थांबतो. त्याला काठाऐवजी बाजूने दोन तृतीयांश उंचीवर भोक पाडलं तर वर पोकळी कायम राहते आणि आवाज घुमटातून आल्यासारखा भरदार लागतो. अर्ध्यावर पाडलं तर आणखी खोल, पण धार आत पडताना बाहेर शिंतोडे येतात. दोन तृतीयांश हेच उत्तम.

घरघरीचं कारण वेगळं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे पंपातलं चुंबक सेकंदाला 100 वेळा ओढलं जातं आणि तो सूर कुंडीच्या भिंतीला मिळाला की सगळी कुंडी गाते. पंपाखालचे रबरी चोषक चिकटवू नका. भांडी घासायच्या मऊ स्पंजचा तुकडा खाली घाला, आणि पंपाच्या तोंडाला कडक नळीऐवजी 5 सेंटिमीटर मऊ सिलिकॉनची नळी लावा. कुंडीखाली रबरी चटई. पोकळ लाकडी कपाटावर ठेवलंत तर हे सगळं वाया. चालू करताच खडखड झाली तर आत हवा अडकलेली असते, पंप पाण्यातच आडवातिडवा केला की निघून जाते. वायर सॉकेटपर्यंत सरळ नेऊ नका, मध्ये सॉकेटपेक्षा खाली झोळ ठेवा म्हणजे थेंब तिथूनच टपकतील. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, कारंजं नंतर.

देखभाल आठवड्यातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं. पावसाळ्यात यात सवलत नाही. डेंग्यूच्या डासाची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात, आणि पाणी मिळालं की उबेच्या दिवसांत सात-दहा दिवसांत डास तयार. त्यामुळे पाणी ओतून देणं पुरत नाही, भिंती ब्रशने घासायलाच हव्यात. वाहत्या पाण्यात डास होत नाहीत ही समजूत इथे कामाची नाही, कारण पंप बंद असतो तेव्हा ते साठलेलंच पाणी असतं.

घासताना साबण लावू नका. 2018 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी टपकत्या थेंबाच्या आवाजाचं कारण तपासलं, तेव्हा पाण्यात भांड्यांचा साबण मिसळला की तो आवाजच बंद होतो हेही दिसलं. पृष्ठताण कमी झाला की बुडबुडा अडकत नाही. धुऊन लावलेलं कारंजं मुकं झालं तर साबणाचा अंश राहिलाय, दोन-तीनदा पाणी बदला. बोअरवेलच्या पाण्याने पांढरे थर चढतात. त्यासाठी लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व, अर्धा तास. कुंडीत संगमरवराचे खडे असतील तर ते आधी काढा, लिंबूसत्वाने ते झिजतात. आणि लिंबूसत्व व ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

उन्हाळ्यात पाणी रोज बघावं लागतं. मातीची बोळकी माठासारखी पाझरतात, त्यामुळे पातळी वाटते त्यापेक्षा लवकर उतरते आणि पंप उघडा पडला की कोरडा फिरून जळतो. उलट वीज गेली की नळीतलं आणि बोळक्यातलं पाणी खाली येतं, म्हणून कुंडीचा वरचा 2 सेंटिमीटर भाग मोकळा ठेवा.

शांतता किती मिळते? रस्त्याची सलग घरघर, फ्रिज, शेजारचा पंखा हे मागे जातात. हॉर्न आणि कुत्र्याचं भुंकणं जात नाही. मोबाइलवरच्या पाण्याच्या आवाजापेक्षा हा बरा, कारण हा फिरून तिथेच येत नाही, धार सारखी थोडी थोडी बदलत राहते. दुपारी क्रोशा, गोधडीचे टाके किंवा वाती वळणं असं हातातलं काम घेऊन बसणाऱ्यांनी हाताच्या अंतरावर, पाठीमागे न ठेवता बाजूला ठेवावं. घर मोजत विणायचं असेल तर ठरावीक तालात टपकणारा थेंब नको, तो मोजणीत मिसळतो. सलग धारच हवी. रात्री निजायच्या खोलीत ठेवायचा सल्ला देणार नाही. बरेच जण, विशेषतः वयस्कर माणसं, या आवाजाने लघवीला उठतात.

विजेशिवाय काही हवं असेल तर अभिषेकाची गळती उत्तम. तांब्याच्या पात्राच्या भोकात सुती वात घालून ती पिळून जाड-बारीक केली की थेंब हवे तसे लागतात. दोन सेकंदांना एक थेंब धरला तर तासाला 90 मिलिलिटरच्या आसपास पाणी जातं, लिटरभर अकरा तास पुरतं. पातळी उतरेल तसा वेग मंदावतो, म्हणून अर्ध्यावर आलं की भरा.

रांगतं मूल घरात असेल तर सध्या थांबा, एवढं पाणीही त्याला धोक्याचं असतं. आणि घेणाऱ्यांनी पंपाबरोबर सुटी चक्री (पंपात फिरून पाणी ढकलते ती) मागून घ्या. तिचा दांडा बारीक, चिनी मातीचा असतो, साफ करताना तिरका ओढला की मोडतो, आणि नंतर दुकानदार नुसती चक्री देत नाही, अख्खा पंप घ्यायला लावतो.