‘टेपच जुनी आहे हो’ असं दुकानदार म्हणाला, तर कॅसेट हातची सोडू नका

घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर करून घ्यायच्या असतील, तर दुकानाची पायरी चढण्याआधी हे वाचा. आमच्या कोकण ट्रिपच्या कॅसेटचं पुण्यातल्या एका व्हिडिओवाल्यानं जे केलं, ते आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. ही कामं करणारी दुकानं आता मोजकीच उरली आहेत. कॅसेट चालवणारी यंत्रंही नवीन मिळत नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई कंपनीसुद्धा २०१६ मध्ये त्यातून बाहेर पडली. त्यामुळे गिऱ्हाईक अडलेलं असतं. कॅसेटमध्ये मुळात काय आहे आणि डिस्कवर काय आलं, हे त्याला घरी ताडून बघता येत नाही, आणि नेमकं तिथेच फावतं.

२००४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमचं सगळं कुटुंब गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे असं फिरून आलं होतं. काकांनी नवा हँडीकॅम घेतला होता आणि तीन कॅसेट भरून शूटिंग केलं. आजी त्या ट्रिपला होती. तिचा आवाज असलेलं आमच्याकडे दुसरं काहीच नाही. बाबांच्या सत्तरीला सगळे जमणार होते, तेव्हा ही फिल्म मोठ्या टीव्हीवर लावायची असं ठरलं.

कॅसेट मिनी डीव्ही होत्या, आणि हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा आहे. मिनी डीव्ही दिसायला छोटी कॅसेट असली तरी आतलं रेकॉर्डिंग डिजिटल असतं. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र असतं आणि तासाभराचा डेटा साधारण १३ जीबी भरतो. कॅमेऱ्यातून फायरवायरच्या केबलनं तो कॉम्प्युटरवर घेतला की जसाच्या तसा उतरतो, टेपवरच्या चित्रात काही कमी-जास्त होत नाही.

दुकानदाराला मी हे आधीच विचारलं होतं. ‘फायरवायरनेच करतो दादा, काळजी नको,’ असं त्यानं सांगितलं. दर कॅसेटला ४५० रुपये, प्रत्येक कॅसेटची वेगळी डीव्हीडी, आणि वर ३०० रुपये दिले तर ‘एचडी रिमास्टर’ करून पेन ड्राइव्हवर. हे सगळं त्याच्याच पॅडच्या कागदावर लिहून घेतलं. पक्कं बिल मागितलं तर ‘काम झाल्यावर देतो’. कॅसेट जमा करताना त्यानं एक वाक्य सहज टाकलं, ‘काम झाल्यावर कॅसेट तुम्हाला हव्यात का, की टाकून देऊ? नाहीतरी आता काही उपयोग नाही त्यांचा.’ हव्यात म्हणून सांगितलं. त्या एका होकारामुळे पुढचं सगळं निभावलं.

हातात आली ती एकच डिस्क. तिन्ही कॅसेट ‘एका प्रोग्राममध्ये छान जोडल्यात’ म्हणाला. वर आमच्या फॅमिलीचं नाव छापलेला कागदी स्टिकर, आत डिस्कवर कुठल्याही कंपनीचं नाव नाही.

घरी लावल्यावर सगळे गप्पच झाले. हेदवीच्या बामणघळीचा प्रसंग आहे. भरतीच्या वेळी खडकातल्या त्या अरुंद घळीत पाणी घुसतं आणि फवारा उंच उडतो. काकांनी तो खूप वेळ शूट केला होता. डिस्कवर पाणी खाली असेपर्यंत खडक बरा दिसतो, आणि लाट आत शिरली रे शिरली की अख्ख्या फवाऱ्याचे राखाडी चौकोन होतात. पाण्याचा एक थेंब दिसत नाही. लाट ओसरली की चौकोन विरतात. वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर धाकटी बहीण पळत येते, तर तिच्या हातापायांच्या कडांना आडवे दाते फुटलेले. सगळी माणसं रुंद आणि बुटकी, कारण चौकोनी चित्र आताच्या टीव्हीच्या आकारात ओढून बसवलेलं. उजव्या कोपऱ्यात पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर.

आणि आवाज? मूळ आवाज काढून टाकून त्यावर सिनेमाची गाणी चढवलेली. समुद्राची गाज नाही, काकांची बडबड नाही. आजी गणपतीपुळ्याच्या देवळाबाहेर बाकावर बसून काहीतरी सांगतेय, ओठ हलताना दिसतात आणि मागे वाजतंय भलतंच गाणं. एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना बदामाच्या आकाराची नक्षी. लग्नाच्या व्हिडिओत हे चालत असेल. आम्ही एडिटिंग सांगितलंच नव्हतं, तरी कागदावर मागाहून ‘मिक्सिंग’ म्हणून २०० रुपये वाढवले होते.

तक्रार केली तर उत्तर तयार होतं, ‘टेपच जुनी आहे हो. वीस वर्षांपूर्वीची. आत जे आहे तेच येणार, मी काय करू?’

या वाक्यापाशी बहुतेक जण माघार घेतात, कारण ते खरं वाटतं. मिनी डीव्हीच्या बाबतीत ते खरं नसतं. व्हीएचएस किंवा हाय-एटसारख्या ॲनालॉग टेपचं चित्र वयाप्रमाणे खरंच फिकट, धूसर, खरखरीत होतं. डिजिटल टेप तशी म्हातारी होत नाही. ती वाचली गेली तर चित्र पहिल्या दिवसासारखंच येतं. वाचली गेली नाही तर मध्येच चौकोन किंवा पट्टे चमकतात, आवाज तुटतो, चित्र थिजतं. म्हणजे चौकोन दोन्हीकडे असू शकतात, पण त्यांची वागणूक वेगळी असते. टेप खराब असेल तर ते कुठेही येतात, स्थिर खडकावरही येतात. चित्र गरजेपेक्षा जास्त दाबलं असेल तर फक्त हालचाल असेल तिथे येतात. पाणी, पाऊस, झाडाची हलणारी पानं, धावणारी माणसं. आमचे चौकोन लाटेबरोबर येत होते आणि लाटेबरोबर जात होते. तो दोष टेपचा असूच शकत नव्हता.

मग डिस्क लॅपटॉपमध्ये घातली. हे कुणालाही करता येतं. डिस्कवर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो, त्याचा आकार बघायचा. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि तासाभराची एक कॅसेट चांगल्या दर्जात भरली तर साडेतीन जीबीच्या आसपास जागा खाते. आमच्या तिन्ही कॅसेट मिळून दोन जीबीसुद्धा भरत नव्हते. व्हीएलसी प्लेअरमध्ये फिल्म चालू करून कंट्रोल आणि जे ही बटणं दाबली की चित्राचा तपशील येतो. तिथे आकडा होता ३५२ बाय २८८. म्हणजे १९९३ मध्ये आलेल्या व्हीसीडीचा, डीव्हीडीच्या आधीच्या व्हिडिओ सीडीचा दर्जा! मूळ चित्राच्या जेमतेम पाव भाग ठिपके. डीव्हीडीच्या नियमात एवढं लहान चित्रही बसतं, त्यामुळे ‘ही डीव्हीडीच आहे’ हे त्याचं म्हणणं कागदोपत्री खोटं ठरत नाही. पण तीन डिस्कचे पैसे घेऊन व्हीसीडीच्या दर्जाचा माल एका डिस्कवर कोंबणं, याला दुसरं नाव नाही.

पेन ड्राइव्हवरच्या ‘एचडी’ फायलीचा आकडा मात्र १९२० बाय १०८० दाखवत होता. तो बघून फसू नका. लहान चित्र ताणून मोठं केलं की आकडा मोठा होतो, तपशील नव्यानं येत नाही. शिवाय त्याला कुठलं तरी एआयचं सॉफ्टवेअर लावलं होतं. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या, गाल मेणाच्या बाहुलीसारखे गुळगुळीत झाले. आईनं ते बघितलं आणि म्हणाली, ‘ह्या आपल्या आई नाहीत.’ हे वाक्य मला अजून टोचतं. आपल्या माणसाचा चेहरा बदलून देण्याचे कुणी पैसे कसे घेऊ शकतं?

फायरवायरची थापही उघडी पडली, तीही त्याच्याच डिस्कवरून. दुकानाच्या नंबराची पट्टी कोपऱ्यात होती खरी, पण दुसऱ्या कॅसेटच्या सुरुवातीला ती काही क्षण उशिरा येते. तेवढ्यात तिच्या जागी पांढऱ्या अक्षरांत कॅमेऱ्याचा टाइमकोड, म्हणजे टेप किती पुढे गेली त्याचे आकडे, आणि बॅटरीचं चिन्ह दिसतं. ही अक्षरं कॅमेरा स्वतःच्या स्क्रीनवर दाखवतो आणि ती पिवळ्या-पांढऱ्या-लाल अशा साध्या वायरीतून बाहेर जातात. फायरवायरमधून निव्वळ रेकॉर्डिंग जातं, अक्षरं जात नाहीत. म्हणजे त्यानं कॅमेरा साध्या वायरीनं चित्र कॉम्प्युटरवर घेणाऱ्या स्वस्तातल्या यूएसबी स्टिकला लावला, चित्र लहान करून घेतलं आणि अक्षरं झाकायला वर आपली पट्टी चिकटवली.

चुलतभावानं काकांचा जुना हँडीकॅम माळ्यावरून काढला. बॅटरी मेली होती, पण ॲडॉप्टरवर चालला. आधी तो थेट टीव्हीला जोडला. बामणघळीचा फवारा स्वच्छ, थेंब न् थेंब सुटा. आजीच्या नऊवारीचे बारीक चौकडे दिसत होते. मग भावाच्या जुन्या, फायरवायरचं पोर्ट असलेल्या लॅपटॉपवर तिन्ही कॅसेट उतरवल्या. हे काम घाईचं नसतं. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो.

त्यात आणखी एक गोष्ट समजली. तिसऱ्या कॅसेटमध्ये मध्येच थोडा भाग कोरा आहे. काकांनी रात्री रेकॉर्डिंग बघितलं आणि दुसऱ्या दिवशी टेप जरा पुढे जाऊन शूटिंग सुरू केलं, म्हणून ती फट. दुकानदारानं निळा पडदा दिसताच कॅसेट संपली असं धरून बंद केलं होतं. त्या फटीच्या पुढे बराच भाग आहे. त्यातच आजी गणपतीपुळ्याला प्रदक्षिणा घालून आल्यावर तिच्या लहानपणीच्या बोटीच्या प्रवासाबद्दल बोलते. कॅसेट ‘टाकून द्या’ म्हटलं असतं, तर हा भाग जगात कुठेच उरला नसता, आणि तो होता हेही आम्हाला कळलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मूळ कॅसेट हाच तुमचा एकमेव पुरावा आहे. ‘टाकून देऊ का’ हे विचारणं उगाच नसतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मुलीच्या लग्नाच्या व्हीएचएस अशाच दुसऱ्या एका दुकानात सोडून दिल्या. डिस्कवर अर्धाच कार्यक्रम निघाला. आता त्यांच्याकडे दाद मागायला हातात काही नाही.

आम्ही लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो आणि त्याच्याच काउंटरवर तोच फवारा दोन्हीकडून लावून दाखवला. आधी त्यानं ‘एचडी’चे ३०० आणि मिक्सिंगचे २०० परत द्यायची तयारी दाखवली, बाकीच्याला नकार. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि सदोष सेवेचे पैसे बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणं हीसुद्धा. पॅडचा कागद, डिस्क, पेन ड्राइव्ह आणि कॅसेट, सगळं आमच्याकडे होतं. त्यानंतर बाकीचे पैसेही आले. ते आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती. दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

तुमच्या कॅसेट द्यायच्या असतील, तर आधी एकच कॅसेट द्या आणि ती तपासून मगच बाकीच्या. मिनी डीव्ही असेल तर डीव्हीडी मागण्यापेक्षा मूळ डीव्ही फाइल हार्ड डिस्कवर मागा, तासाला १३ जीबीच्या हिशेबानं. ती देता येत नाही म्हणाला, तर त्याच्याकडे फायरवायर नाही असं समजा. गाणी, नक्षी, पट्टी, आवाजात बदल, काहीही नको असं कागदावर लिहून घ्या. कॅसेटच्या कडेला असलेली छोटी पट्टी ‘सेव्ह’कडे सरकवून द्या, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. व्हीएचएसला त्यासाठी मागचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडावा लागतो. व्हीएचएस असेल तर टेप थेट टीव्हीवर लावून दाखवायला सांगा आणि फोनवर त्याचं दोन मिनिटांचं शूटिंग करून ठेवा. पुढे ‘टेपच तशी’ म्हणाला तर तेच दाखवता येईल. टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी असते, कोकण-मुंबईच्या दमट हवेत हे हमखास होतं. अशी कॅसेट साफ केल्याशिवाय कुठल्याही यंत्रात घालू देऊ नका, यंत्राचं हेड तर घाण होतंच, पण टेपही चिकटून फाटू शकते.

आमच्या फायली आता दोन हार्ड डिस्कवर आहेत. एक माझ्याकडे आणि एक चुलतभावाकडे नाशिकला. कॅसेट कोरड्या डब्यात, उभ्या ठेवल्या आहेत.