सोलापुरातला समर क्रिकेट कँप, आऊटचे नियम लई भारी शिकवतात

पार्क स्टेडियमच्या बाजूला सुट्टीत कँप लागतो, तिथं यंदा पोराला घातलं. बॅटिंग बॉलिंग सगळीकडंच शिकवतात ओ, पण इथले सर आऊट कसं होतं हे नीट समजावून सांगतात, ते मला फार आवडलं. एलबीडब्ल्यूसाठी, म्हणजे स्टंपवर जाणारा बॉल पायानं अडला की आऊट देतात त्यासाठी, त्यांनी पिचवर बॅट्समनच्या लेग स्टंपपासून (पायाकडच्या बाजूचा) समोरच्या टोकापर्यंत सरळ सुतळी ताणली अन् बॉल त्या सुतळीच्या बाहेर लेगला पडला की मग पुढं स्टंपवर जाऊ दे नाहीतर कुठं जाऊ दे, नॉटआऊट, हे पोरांना डोळ्यानं दाखवलं. गल्लीत पायाला बॉल लागला की नुस्तं बोंबलायचं एवढंच माहीत असतं.

टाइम्ड आऊट, म्हणजे नवा बॅट्समन वेळेत खेळायला तयार नसला की आऊट, ते पण सांगितलं, 2023 च्या वर्ल्डकपमधे श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज हेल्मेटच्या तुटलेल्या पट्टीपायी उशीर होऊन आऊट झाला ते. बॉल टाकायच्या आधी नॉनस्ट्रायकर (बॉलरकडच्या टोकाचा बॅट्समन) क्रीज सोडून पळाला तर बॉलर त्याला रनआऊट करू शकतो, यात चिटिंग काही नाही, 2022 पासून एमसीसीनं, म्हणजे क्रिकेटचे नियम करणाऱ्या क्लबनं, तो नियम रनआऊटच्याच कलमात घातलाय. हे सगळ्या कोचनी सांगायलाच पाहिजे, उगं बॉलरला शिव्या घालतात लोकं.

एकच तक्रार, सावली नाही. एप्रिलमधलं आपलं ऊन माहितीये, नऊनंतर पोरं करपतात, मंडप तरी टाका राव. फी ठीकठाक आहे. किट घरचं न्यायचं, पाण्याची बाटली मोठी द्या, सकाळची पहिली बॅच घ्या.